ईम : एका गावाने राखलेली वेस

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



२०१८ साली कार्यालयीन कामानिमित्त आम्ही इंग्लंडमधील शेफील्डला गेलो असता, जवळच्या डर्बीशायर परगण्यातील ईम हे खेडे पाहण्याचा योग आला. टेकडीच्या कुशीतील दगडी घरे, सेंट लॉरेन्सचे प्राचीन चर्च, त्याच्या आवारातील कोरीव क्रूस. वरकरणी गाव इतर इंग्रजी खेड्यांसारखेच. परंतु काही घरांपुढे पाट्या आहेत आणि त्यांवर त्या घरातील मृतांची नावे आहेत.

१६६५ साली लंडनहून एका शिंप्याकडे आलेल्या कापडाच्या गठ्ठ्यातून येथे प्लेग शिरला, असे परंपरा सांगते. जून १६६६ मध्ये धर्मोपदेशक विल्यम मॉम्पेसन आणि धर्ममतामुळे पूर्वी पदच्युत झालेले टॉमस स्टॅन्ली यांनी मतभेद बाजूस सारून गावकऱ्यांना विनविले, की रोग शेजारच्या गावांत जाऊ नये म्हणून कोणी वेस ओलांडू नये. गावाने ते मानले. सीमेवरील दगडाच्या खळग्यांत व्हिनेगर घालून त्यात नाणी ठेवावीत, शेजाऱ्यांनी अन्न ठेवून जावे, असा व्यवहार चाले. प्रार्थना कक्लेट डेल्फ नावाच्या घळीत, उघड्यावर होई. त्या ऑगस्टमध्ये एलिझाबेथ हँकॉक या माउलीने आठ दिवसांत पती आणि सहा मुलांना मूठमाती दिली. मॉम्पेसन यांच्या पत्नी कॅथरिन त्याच महिन्यात गेल्या. साथ ओसरेपर्यंत सुमारे २६० माणसे दगावली.

हे सारे आम्ही प्रवाशाच्या कुतूहलाने ऐकले होते. त्याचा अर्थ उमगला तो २०२० साली. टाळेबंदीच्या काळात आमच्या मातोश्री गावी निवर्तल्या आणि आम्हांस त्यांचे अंत्यदर्शनही घडले नाही. न जाणे हेही कर्तव्य असू शकते, हे मनाला पटविणे फार कठीण गेले. त्या सुतकाच्या दिवसांत या मंडळातील बिऱ्हाडांतून पिठले-भाताचे डबे आमच्या उंबरठ्याबाहेर ठेवले जात. दार उघडीपर्यंत ठेवणारा माघारी वळलेला असे. तेव्हा आम्हांस ईमच्या सीमेवरील तो दगड आठवला.

ऑगस्टच्या अखेरच्या रविवारी ईमचे गावकरी आजही त्याच घळीत जमून पूर्वजांचे स्मरण करतात. आपल्या मंडळानेही वर्षातून एक दिवस दिवंगत सभासदांची नावे वाचावीत, एवढीच आमची विनंती आहे. पन्नास वर्षांत परक्या मुलुखात आपले एक गाव वसले आहे. त्याची स्मृती आपणच राखावयाची आहे.