खंड पडला तरी वाट मोडत नाही
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली, चारचौघींसारखी घरसंसार करणारी बाई. मोठ्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण बरेच दिवस सुटलेला व्यायाम पुन्हा कसा धरावा, हे मला अनुभवाने थोडे समजले आहे. तेच आपल्यापुढे मांडते.

आपल्यापैकी पुष्कळजणी पूर्वी पहाटे गोगाबाबा टेकडीवर किंवा हिमायत बागेकडे फिरायला जात. मीही जात असे. एका पावसाळ्यात ओल्या जिन्यावरून पाय घसरला आणि घोट्याचे हाड मोडले. दीड महिना प्लास्टर होते. ते काढले तेव्हा पोटरी दुसऱ्या पायापेक्षा निम्मी दिसत होती. पाय जरा टेकू लागला, तोच सासूबाई अंथरुणाला खिळल्या. त्यांचे करण्यात वर्ष गेले. असा पावणेदोन वर्षांचा खंड पडला. कुणाचा खंड बाळंतपणाने पडतो, कुणाचा ऑपरेशनने, तर कुणाचा चिकुनगुन्याच्या सांधेदुखीने. कारणे निराळी, पण पुढची अडचण सर्वांची एकच. मन जुन्या वेगाची आठवण काढते आणि शरीर मात्र आजचे असते.

म्हणून माझे पहिले सांगणे हे, की जिथे सोडले तिथून सुरुवात करू नये. आज जिथे आहोत तिथून करावी. मला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी प्रथम चालायला सांगितलेच नाही. खुर्चीवर बसून पायाच्या अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवायला सांगितली. त्याने घोटा सर्व बाजूंनी फिरतो. मग ओट्याला धरून दोन्ही टाचा उचलायच्या आणि सावकाश टेकवायच्या. मग हाताचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठायचे. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत एवढे सहज होते. पंधरा दिवसांनी गल्लीच्या कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापर्यंत जाऊन परत आले. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या खांबापर्यंत. हातात काठी होती.

जास्त झाले की कमी, हे ओळखण्याची खूण साधी आहे. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणण्याइतका दम उरू नये. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे कालच्यापेक्षा वाढलेले असेल, तर त्या दिवशी माप कमी करावे. व्यायाम सोडू मात्र नये. छातीत दुखले, घेरी आली किंवा पायाला सूज चढली, तर तिथेच थांबून डॉक्टरांना दाखवावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे, की मोठ्या माणसांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. आकडा ऐकून घाबरू नका. अजिबात न करण्यापेक्षा थोडे केलेलेही बरे, असेही त्यांनीच सांगितले आहे.

आपल्या महाराष्ट्रातले एक उदाहरण सांगते. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यात होते आणि मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. पुढे उपचार म्हणून त्यांनी पोहणे धरले. १९७२ साली पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत, म्हणजे पॅरालिम्पिकमध्ये, ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. त्या स्पर्धांतले भारताचे ते पहिले सुवर्णपदक. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपण पदक पाहतो. पण गोळी आणि पदक यांच्यामध्ये सात वर्षे आहेत. शिवाय ते मुष्टियुद्धाचा हट्ट धरून बसले नाहीत. शरीराला जे जमेल ते त्यांनी धरले. आपल्याला पदक नको, पण ही रीत घेण्यासारखी आहे.

आता खरी अडचण बोलते. ती पायाची नसून वेळेची आहे. “दिवसभर घरकाम करतेस, तोच व्यायाम,” असे मला पुष्कळांनी ऐकवले. घरकामाने अंग हलते हे खरे. पण मोडलेल्या पायात गेलेली ताकद भांडी घासून परत येत नाही. सासूबाईंच्या औषधाची वेळ मी कधी चुकू दिली नाही. मग माझ्या पायाच्या औषधाची वेळ कुणी सांभाळायची? मी घरात सर्वांसमक्ष सांगितले, की सकाळचा अर्धा तास माझा. ह्यांनी चहा हाती घेतला, मुलीने डबे भरले. पहिले चार दिवस चहा फार गोड झाला, एवढेच. घर काही अडले नाही. ज्या दिवशी नळाच्या पाण्याची पाळी असते, त्या दिवशी बाहेर जाणे होत नाही. तेव्हा ओट्यापाशी दहा मिनिटे करते. दिवस कोरा जाऊ देत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडचे ऊन लवकर चढते, म्हणून चैत्र-वैशाखात सात वाजायच्या आत घरी परतावे.

दुसरी अडचण लाजेची. काठी टेकत चालणाऱ्या बाईकडे लोक पाहतात, आणि बरोबरीच्या मैत्रिणी भराभर पुढे निघून जातात. मागे राहिलेली बाई चार दिवसांनी येईनाशी होते. म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. आठवड्यातून तीन दिवस आपण मंडळाच्या दारापासून एकत्र फिरायला निघू या. नियम एकच: जी सर्वांत हळू चालते, तिने पुढे चालायचे आणि बाकीच्यांनी तिच्या मागे. भरभर चालणाऱ्या भगिनींनी पुढे हवी तेवढी टेकडी चढावी. पहिली पंधरा मिनिटे मात्र तिला द्यावीत. आजारातून उठलेल्या बाईला डब्यातून वरण-भात पाठवणारे आपले मंडळ एवढे सहज करील.

नावे लिहिण्यासाठी सभेनंतर वही दाराशी ठेवते. तीन नावे आली तरी सोमवारपासून निघू.