धर्म बदलताना बाईचं मन

(पन्हाळा येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



धर्मांतराचा प्रश्न आपल्या केंद्रावर कसा येतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. आई-वडील येतात आणि म्हणतात, "पोरीला कुणीतरी नादी लावलंय, तिला समजावा." नवरा म्हणतो, "प्रार्थनेला जायला लागल्यापासून बायको बिघडली." पुरुषाने धर्म बदलला तर त्याने का बदलला असं विचारतात. बाईच्या बाबतीत मात्र तिला कुणी बदललं, असं विचारलं जातं. तिचं ती काही ठरवू शकते, हेच लोकांना पटत नाही.

पंडिता रमाबाईंना हेच भोगावं लागलं. आई, वडील आणि बहीण दुष्काळातल्या उपासमारीत गेली, पुढे भाऊ गेला आणि लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवराही गेला. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दुःखाने खचलेली बाई मिशनऱ्यांच्या हाती लागली, असं म्हणणं सोपं आहे. पण शास्त्रं मुळातून वाचलेल्या या बाईला तीच शास्त्रं बाईला मोक्ष नाकारतात हे दिसत होतं. 'पतित' ठरवलेल्या बायकांना इंग्लंडमधल्या सिस्टर्स मायेने वागवतात, हेही त्यांनी पाहिलं. बाप्तिस्मा घेतल्यावरही त्या चर्चच्या आज्ञेत राहिल्या नाहीत. सिस्टर जेराल्डिनशी त्यांचा पत्रांतून वाद चालूच राहिला. खरा अंतरीचा अनुभव आपल्याला पुढे बऱ्याच वर्षांनी आला, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. म्हणजे बुद्धीने एक धर्म सोडणं आणि मनाने दुसऱ्यात रुजणं यांत कित्येक वर्षं जाऊ शकतात. विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने १९०२ सालच्या आपल्या ग्रंथात एकदम घडणारं आणि हळूहळू घडणारं असं दोन तऱ्हांचं परिवर्तन सांगितलं. आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक बायका दुसऱ्या तऱ्हेच्या असतात.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट वेगळी. निर्णय नवऱ्याचा होता. ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई लगेच त्यांच्या मागे गेल्या नाहीत. काही काळ मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या. नवऱ्याकडे परतल्यावरही सोवळंओवळं, वेगळं पाणी आणि वेगळा स्वयंपाक चालूच होता. जातिभेद माणसाने केला आहे, हे त्यांचं त्यांना पटलं तेव्हा शिवाशिव सुटली. टिळकांनंतर सुमारे पाच वर्षांनी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' या दृष्टीने पुन्हा वाचा. बाईचा धर्म चुलीपाशी, पाण्याच्या भांड्यापाशी, उपासाच्या दिवशी असतो. म्हणून तो डोक्यातून गेला तरी हातातून लवकर जात नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर लाखो लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यात बायका मोठ्या संख्येने होत्या. पुढे गावोगाव लोकांनी घरातले देव नदीत, विहिरीत सोडले. देव कोपेल, पोराला काही होईल ही भीती बाईला आधी वाटते, कारण पोर आजारी पडलं की बोल तिलाच लागतो. पण सगळी वस्ती बरोबर असली की भीती वाटून घेता येते. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या आठवणी ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकात जमवल्या आहेत. ते पुस्तक प्रत्येक गटात असावं.

एकटीने धर्म सोडणारीचं तसं नसतं. तिचं माहेर सुटतं. हळदीकुंकवाचं, बारशाचं बोलावणं बंद होतं. समोर जोतिबाचा डोंगर आहे. चैत्रात सासनकाठ्या निघाल्या की धर्म सोडलेल्या बाईचेही डोळे भरून येतात. हा तिचा ढोंगीपणा नव्हे. सुटलेल्या माणसांचं ते दुःख आहे आणि त्याला वेळ द्यावा लागतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. १९३९ पूर्वी नको असलेल्या लग्नातून सुटण्यासाठी काही मुसलमान बायका धर्मच सोडत असत, कारण तेव्हा धर्म सोडला की लग्न मोडलं असं कोर्ट मानत असे. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याने बायकांना घटस्फोटाची कारणं दिली आणि केवळ इस्लाम सोडल्याने लग्न मोडणार नाही असंही ठरवलं. म्हणजे कित्येक जणींच्या धर्मांतरामागे घर सोडण्याची धडपड होती. आजही बाई प्रार्थनेला जायला लागली तर आधी विचारा, घरात मारहाण आहे का? तिथे तिला कुणी नावाने हाक मारतं, तिचं ऐकून घेतं, एवढंही कारण पुरेसं असू शकतं.

आता कायद्याचं. हिंदू कायद्यात बौद्ध, जैन, शीख येतात. त्यामुळे हिंदू बाई बौद्ध झाली तर पुढचं लागू होत नाही. ती ख्रिस्ती किंवा मुसलमान झाली तर मात्र नवऱ्याला घटस्फोटासाठी कारण मिळतं. १९५६ च्या दत्तक व पोटगी कायद्याखालचा तिचा पोटगीचा हक्क जातो, आणि त्याच वर्षीच्या पालकत्वाच्या कायद्याप्रमाणे ती मुलांची नैसर्गिक पालक राहत नाही. पण घाबरून जाऊ नका. मुलांच्या ताब्याचा निर्णय कोर्ट मुलांचं हित पाहून करतं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, म्हणजे जुन्या १२५ खाली, कोणत्याही धर्माच्या बायकोला पोटगी मागता येते. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदाही सगळ्यांना लागू आहे. हे सगळं तिला निर्णयाच्या आधी कळलं पाहिजे.

केरळच्या हादियाच्या खटल्यात सज्ञान बाईचं लग्न हायकोर्टाने रद्द केलं होतं. २०१८ साली सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला, पण तोवर तिला किती महिने आई-वडिलांच्या घरात कोंडल्यासारखं राहावं लागलं! आपल्या केंद्रात असं होता कामा नये. बाई आली की तिच्याशी एकटीशी बोला. सक्ती आहे का ते विचारा. मार, धमकी, मुलं हिरावण्याची भीती असेल तर आपण तिच्या बाजूने उभ्या राहू, मग सक्ती धर्म बदलण्याची असो की न बदलण्याची. सक्ती नसेल तर तिला परत आणणं हे आपलं काम नाही. आणि उद्या तिला तोही धर्म नकोसा झाला, किंवा कुठलाच नको झाला, तरी तिला आपल्या केंद्राची पायरी चढता आली पाहिजे.