‘इनॅक्टिव्ह’ कोण?

(घाटकोपर येथे कॉलेज विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आत येताना मी काही जणांना विचारलं, कॉलेजचं एलएमएस तुम्ही कशासाठी उघडता? उत्तरं आली, ‘असाइनमेंट टाकायला’, ‘अटेंडन्स लागते म्हणून’. ‘अभ्यासाला’ असं कुणीच म्हणालं नाही. मग नोट्स कुठून घेता? व्हॉट्सअॅप ग्रुपवरून!

मी तुम्हाला दोष देणार नाही. इंजिनिअरिंगला असताना मीही मूडल फक्त शेवटच्या तारखेच्या रात्री उघडायचो. शिवाय आपल्या विद्यापीठातल्या मुलांनी ऑनलाइन कारभाराचे चटके सोसलेत. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका स्क्रीनवर तपासायला घेतल्या, निकाल रखडले, पुढच्या प्रवेशांची पंचाईत झाली. शेवटी कुलगुरूंना पद सोडावं लागलं. अविश्वास उगाच नाही.

पण आज मला माझीच एक चूक सांगायची आहे. नोकरीत मी अशाच एका प्रणालीसाठी रिपोर्ट लिहिला होता. सात दिवस लॉगिन नाही, की नावापुढे लाल ठिपका आणि शब्द ‘इनॅक्टिव्ह’. पाच-सहा ओळींचा कोड. मला तो फार हुशारीचा वाटला होता.

मग लॉकडाउन आलं. माझी मामेबहीण असल्फ्याला डोंगरावर राहते. घरात स्मार्टफोन एकच. तो सकाळी मामूंबरोबर रिक्षात जायचा आणि रात्री अकराला परत यायचा. त्यानंतर आधी धाकट्या भावाची दहावी, मग हिचं बीकॉम. मैत्रिणीकडून झेरॉक्स आणून ती दिवसभर वाचायची, वहीत उत्तरं लिहायची आणि रात्री एक वाजता फोटो काढून अपलोड करायची. कधी नेट जायचं, तारीख उलटायची. कॉलेजच्या यादीत ती ‘इनॅक्टिव्ह’ होती. घरी मामी म्हणू लागल्या, ‘जमत नसेल तर राहू दे.’

ती मला म्हणाली, ‘भाईजान, मी रोज अभ्यास करते, ते त्या मशीनला कसं कळणार?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. लॉगिन मोजता येतं म्हणून आम्ही ते मोजतो. वही मोजता येत नाही.

मी तिला एवढंच म्हटलं, सरांना हे सगळं लिहून कळव. तिला लाज वाटत होती. एकच फोन आहे, हे कसं सांगायचं? शेवटी तिने लिहिलं. सरांनी तिला मुदत वाढवून दिली. मूडलमध्ये एकाच विद्यार्थ्याची मुदत वाढवायची सोय आहेच, दोन मिनिटांचं काम. कुणी मागितलीच नव्हती.

म्हणून तीन गोष्टी सांगतो.

एक, प्रणाली नीट ओळखून घ्या. मूडल २००२ पासून आहे, मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याच्या मोबाइल अॅपमध्ये, कॉलेजने परवानगी दिली असेल तर, धडा वायफायवर उतरवून नंतर नेटशिवाय वाचता येतो. तुमच्यापैकी किती जणांनी हे करून पाहिलंय?

दोन, तोंड उघडा. हलकी पीडीएफ द्या, मुदत रात्री बाराऐवजी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठेवा, असं चार-पाच जणांनी मिळून लेखी मागा. एकट्याची अडचण सबब वाटते, पाच जणांची मागणी ठरते.

तीन, हे मुलांसाठी. घरात फोन एकच असेल तर तो आधी कुणाच्या हातात जातो आणि बहिणीच्या वाट्याला रात्रीचे किती वाजता येतो? हा प्रश्न कुठलंही सॉफ्टवेअर सोडवणार नाही. तो आज घरी गेल्यावर तुम्हीच सोडवायचा आहे.

माझी मामेबहीण बीकॉम झाली. आता कोणताही रिपोर्ट लिहिताना मी आधी स्वतःला विचारतो, या लाल ठिपक्यामागे कुणाची वही तर नाही ना?