चाक मोठं, घाट तोच

माझा भाचा पोलादपूरला डिझेल पिकअप चालवतो. महाडच्या बाजारातून तांदूळ, सिमेंट, पत्रे भरायचे आणि वरच्या वाड्यांवर पोचवायचे, हा त्याचा धंदा. अधूनमधून आंबेनळी घाटानं महाबळेश्वरची खेपही असते. पावसानंतर वाडीचा रस्ता उखडतो, गाडीचं पोट दगडांना घासतं. म्हणून त्यानं २८ इंची चाकं काढून ३१ इंची बसवायचं ठरवलं. गाडी रुबाबदार दिसेल म्हणून मीही भर घातली आणि पैसे उसने दिले.

पहिल्याच भरल्या खेपेला मी सोबत होतो. आंबेनळीच्या एका वळणावर पुढची एसटी थांबली, आम्हीही थांबलो. पुन्हा निघताना गाडी उचलेना. क्लचचा जळका वास सुटला, गाडी मागं सरकू लागली. भाच्यानं ब्रेक दाबून धरला. मी उतरून मागच्या चाकाला दगड लावला. एका बाजूला दरी होती. तो म्हणाला, "मामू, इंजिन गेलं वाटतं."

महाडच्या मिस्त्रीनं इंजिनाकडे पाहिलंही नाही. चाकं पाहून त्यानं विचारलं, "हे कुणाचं डोकं?" मी गप्प राहिलो.

मग त्यानं समजावलं. मागच्या एक्सलमध्ये लहान पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवतो. पिनियनला १० दात, क्राऊनला ४१; म्हणजे पिनियनचे ४.१ फेरे झाले की चाकाचा एक. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते, पण जमिनीवरची ओढ तेवढीच घटते. आमची सुमारे दहा टक्के घटली होती. मीटरचा काटाही फसवत होता. तो ५० दाखवी, तेव्हा गाडी ५५ नं पळत असे.

यावर उपाय होता. ४.१ ला ३१ नं गुणून २८ नं भागा, उत्तर साडेचारच्या आसपास येतं. ९ आणि ४१ दातांची जोडी घातली की प्रमाण ४.५६ होतं आणि पहिली ओढ परत मिळते. क्राऊन आणि पिनियन मात्र जोडीनंच बदलायचे. फोर-व्हील गाडी असेल तर दोन्ही एक्सलचे. प्रमाण याहून वाढवलं तर चढ सोपा होतो, पण हमरस्त्यावर इंजिन ओरडतं आणि डिझेल जास्त पितं. म्हणून आधी विचारायचं, गाडी भरून कुठं धावणार?

भाचा जोडी घ्यायला तयार झाला. तेव्हा मिस्त्री म्हणाला, "चढायचं झालं. उतरणार कसा?" दात बदलले की इंजिनाची ओढ परत येते, उतारावर इंजिनाचा आवरही परत येतो. पण ब्रेक तेच राहतात आणि मोठ्या चाकावर त्यांची पकड कमीच पडते. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला मनानं करता येत नाही.

आम्ही जुनी चाकं परत चढवली. क्लचप्लेट नवी टाकली. आता वाडीच्या रस्त्याला भाचा चार गोणी कमी भरतो आणि दगड दिसला की उतरून बाजूला करतो. मोठे टायर विकून निम्मेच पैसे आले. उरलेले मी मागितले नाहीत. ते डोकं निम्मं माझंच होतं.