घरासाठी पंप निवडताना



आजचा विषय घरच्या पाण्याच्या पंपाचा. मी यंत्रांचा जाणकार नव्हे. कॉलेजात भूगोल शिकवतो. पण या बाबतीत मी एकदा चांगलाच फसलो आहे, आणि ठेच लागलेल्या माणसाने मागच्याला सावध करावे, एवढाच माझा अधिकार.

आमच्या गावच्या घरामागे आड आहे. खोली छत्तीस फूट. आईने सत्तरी ओलांडली, तेव्हा तिच्या हातचा पोहरा सुटावा म्हणून एका श्रावणात मी अर्ध्या अश्वशक्तीचा पंप आणून आडाच्या काठावर बसवला. पाणी दहा-बारा फुटांवर होते. बटण दाबले की गच्चीवरची टाकी भरे. सारे घर खूश. मग चैत्र उजाडला आणि पंपाने पाणी सोडले. मोटार नुसती घुमे, नळीला थेंब नाही. दुकानदार म्हणाला, "सर, पंप लहान पडला. दीडचा न्या." मी दीड अश्वशक्तीचा आणला. तोही तसाच घुमला आणि कोरडा फिरून फिरून चौथ्या दिवशी जळाला. आई काही बोलली नाही. तिने खुंटीवरचा दोर काढला आणि पोहऱ्याला बांधला.

चूक कोठे झाली? पंप पाणी ओढतो, असे आपण म्हणतो. खरे पाहता काठावरचा पंप नळीतली हवा काढून घेतो, आणि आडातल्या पाण्यावर बाहेरच्या हवेचा जो दाब असतो तो पाण्याला नळीत वर ढकलतो. हा दाब समुद्रकाठी फार तर १०.३ मीटर, म्हणजे सुमारे चौतीस फूट पाणी उचलून धरतो. सहाशे मीटर उंचीच्या आमच्या पठारावर हवा विरळ, म्हणून तेथे साडेनऊ मीटरच. प्रत्यक्षात नळीचे घर्षण आणि सांध्यांतली गळती धरून वीस-बावीस फुटांपलीकडे भरवसा ठेवू नये. मे महिन्यात आमचे पाणी बत्तीस फुटांवर जाते. तेथे दीड काय, दहा अश्वशक्तीचा पंप काठावर ठेवला तरी काय होणार? मोटार मोठी केल्याने हवेचा दाब वाढत नाही.

गंमत अशी, की हा धडा फार जुना आहे. गॅलिलिओच्या १६३८ सालच्या ग्रंथात अशीच हकीकत आहे. पाणी खाली गेल्यावर पंप चालेना, म्हणून कारागीर बोलावला. तो म्हणाला, दोष पंपात नाही, पाणीच फार खोल गेले आहे. पुढे १६४३-४४ च्या सुमारास टॉरिचेल्लीने पाऱ्याची नळी उलटी धरून त्याचे कारण दाखवले. हे आम्ही वर्गात शिकवतो. घरच्या आडापाशी मात्र मला ते आठवले नाही.

म्हणून दुकानात जाण्याआधी तीन मापे घ्या.

पहिले माप पाण्याच्या खोलीचे, आणि तेही ऐन उन्हाळ्यात. दोरीला दगड बांधून सोडा, ओली खूण पाहा. पाणी बारमाही वीस फुटांच्या आत असेल तर काठावरचा मोनोब्लॉक चालेल. त्याहून खोल जात असेल तर पाण्यात बुडून राहणारा सबमर्सिबल घ्या. तो पाणी खालून वर रेटतो, त्यामुळे हवेच्या दाबाची अट त्याला नाही. बोअर असेल तर त्याच्या नळीच्या व्यासाचा सबमर्सिबल लागतो.

दुसरे माप गरजेचे आणि झऱ्याचे. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. घरात सहा माणसे म्हणजे ३३० लिटर. दोन म्हशी असल्या तर एकूण पाचशेच्या घरात. मिनिटाला तीस लिटर देणारा पंप एवढे पाणी वीस मिनिटांच्या आत चढवतो. आता आड किती देतो ते पाहा. आमच्या पाच फूट व्यासाच्या आडात फूटभर पाणी म्हणजे सुमारे ५५० लिटर. उपसल्यावर तासाला फूटभर पाणी चढत असेल, तर मिनिटाला शंभर लिटर उपसणारा पंप उन्हाळ्यातले चार फूट पाणी अर्ध्या तासाच्या आत संपवील आणि कोरडा फिरू लागेल.

तिसरे माप चढाचे. उन्हाळी पाण्यापासून टाकीच्या तोंडापर्यंतची उंची मोजा. आमच्याकडे आडातले बत्तीस आणि वरचे अठरा, असे पन्नास फूट. नळीतल्या घर्षणासाठी दहा धरा. झाले साठ फूट, म्हणजे सुमारे १८ मीटर. सेकंदाला अर्धा लिटर पाणी १८ मीटर चढवायला, पंपाची कार्यक्षमता एक तृतीयांशच धरली तरी, अर्धी अश्वशक्ती पुरते. दुकानदाराला सांगा, "१८ मीटरवर मिनिटाला तीस लिटर देणारा पंप दाखवा." पंपाच्या पाटीवर आणि पत्रकात हे आकडे असतात. आय.एस.आय. चिन्ह पाहा. पाटीवर चालण्यास योग्य व्होल्टेज दिलेले असते, तेही पाहा. २३० चे व्होल्टेज १८० वर आले की मोटारीचा जोर साठ टक्क्यांवर येतो.

आता प्रेशर टाकीविषयी. ही पोलादी टाकी. आत रबराची पिशवी, पिशवीत पाणी, बाहेर कोंडलेली हवा. पंप पाणी भरतो तशी हवा आवळली जाते. नळ उघडला की तीच हवा पाणी रेटते. दाब १.४ किलोवर उतरला की पंप आपोआप सुरू, २.८ वर चढला की बंद, अशी जोडणी नेहमीची. तांब्याभर पाण्यासाठी पंप सुरू होऊ नये, हे तिचे काम. पंप एकदा सुरू झाला की मिनिटभर तरी चालावा, असे माप ठेवावे. टाकीच्या आकाराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेच पाणी हाती येते. म्हणून तीस लिटरच्या पंपाला शंभर लिटरची टाकी लागते. टाकीतले पाणी सोडून सहा महिन्यांनी हवा तपासावी. ती पंप सुरू होण्याच्या दाबाहून किंचित कमी असावी.

पण दोन गोष्टी ध्यानात धरा. २.८ किलो दाब म्हणजे पंपावर आणखी २८ मीटर चढाचा भार. आडातला अर्ध्या अश्वशक्तीचा पंप तो पेलणार नाही. दुसरे, वीज गेली की या टाकीत उरते दोन-तीन बादल्या पाणी. म्हणून खेड्यात आधी गच्चीवरची टाकी. पुढे न्हाणीघरात फवारा हवाच असला, तर त्या टाकीखाली लहान पंप आणि प्रेशर टाकी जोडता येते.

पंप कोणताही असो, अर्थिंग नीट करून घ्या, कोरडा फिरताच बंद पडणारा स्टार्टर लावा, आणि वीज तोडल्याशिवाय पंपाला हात लावू नका.

शिक्षक मित्रांना एक विनंती. दोरी, दगड आणि बादली घेऊन मुलांना एकदा शाळेजवळच्या विहिरीवर न्या. काठापासून दूर उभे करून, मोठ्या माणसाच्या हातून ही मापे घ्या आणि गणित मुलांना करू द्या. ज्याने हे एकदा केले, त्याला पुढे कोणी दीडचा पंप गळ्यात मारणार नाही.

आमच्या आडात आता अर्ध्या अश्वशक्तीचा सबमर्सिबल आहे. वैशाखातही टाकी भरते. आईने दोर मात्र खुंटीवरच ठेवला आहे. म्हणते, "असू दे. वीज गेली तर?" तेही खरेच.