‘मर्जी’ आणि ‘वाजवी संधी’

लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करणारे तरुण अधूनमधून माझ्याकडे येतात. कोणी पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकेतून, कोणी दिल्लीच्या राजेंद्रनगरातील एखाद्या अरुंद खोलीतून, तर कोणी इंदूर किंवा बडोद्याच्या मराठी घरातून आलेला असतो. काही दिवसांपूर्वी बेळगावकडचा असाच एक तरुण आला होता. राज्यघटनेचा चौदावा भाग त्याने पाढे म्हणावेत तसा म्हणून दाखविला. तीनशे दहा, मर्जी. तीनशे अकरा, संरक्षण. तीनशे बारा, अखिल भारतीय सेवा. तीनशे पंधरा, लोकसेवा आयोग. पाठांतर निर्दोष होते. मी त्याला विचारले, “संरक्षण म्हणजे कोणाचे आणि कोणापासून?” तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “शासकीय कर्मचाऱ्यांचे, सर. शासनापासून.” हे उत्तर चूक नव्हते. परीक्षेत त्याला गुणही मिळाले असते. परंतु ज्या खुर्चीवर बसण्यासाठी तो रात्रीचा दिवस करीत आहे, त्या खुर्चीवरून हे उत्तर कसे दिसते, याची कल्पना त्याला नव्हती. त्याच्या वयाचा असताना मलाही ती नव्हती. आजचे हे भाषण त्यासाठीच आहे.

आपल्या घटनेचा तीनशे दहावा अनुच्छेद वाचणाऱ्याला प्रथम थोडा धक्काच बसतो. संघराज्याच्या नागरी सेवेतील माणूस राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पद धारण करतो आणि राज्याच्या सेवेतील माणूस राज्यपालांची मर्जी असेपर्यंत, असे तो सांगतो. प्रजासत्ताकाच्या घटनेत ‘मर्जी’ हा दरबारी शब्द कोठून आला? तो इंग्लंडच्या राजसत्तेकडून आला. राजाचा सेवक राजाच्या इच्छेने नोकरीत राहतो आणि त्याच्या इच्छेने जातो, हे तेथील जुने तत्त्व होते. हिंदुस्थानसाठी केलेल्या १९१९ च्या कायद्यात ते आले आणि नोकरांना वागविण्याचे काही नियमही त्याच्या जोडीला आले. पण नियम मोडला तर नोकराने काय करायचे? मद्रासच्या सरकारी छापखान्यातील एका मुद्रितवाचकाने हा प्रश्न थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत नेला. नियम पाळले जाणे अत्यंत आवश्यक आहे, असे कौन्सिलने मान्य केले. पण ते मोडले म्हणून न्यायालयात दाद मागता येणार नाही, असेही सांगितले. सरकारने आपल्या मनाशी नियम पाळावा, एवढाच त्याचा अर्थ.

१९३५ च्या कायद्याने हे चित्र पालटले. बडतर्फ करण्यापूर्वी वाजवी संधी दिली पाहिजे, हे आता खुद्द कायद्याच्या कलमात लिहिले गेले. भारतीय सनदी सेवेतील आय. एम. लाल यांच्या प्रकरणात १९४८ साली प्रिव्ही कौन्सिलने हे कलम बंधनकारक ठरविले आणि त्यांना नोकरीवरून दूर करण्याचा आदेश रद्दबातल मानला. म्हणजे स्वतंत्र भारताची घटना तयार होत असताना हा वाद ताजा होता. तीनशे दहावा आणि तीनशे अकरावा अनुच्छेद शेजारी शेजारी का बसले आहेत, हे त्यावरून कळते. पहिला अनुच्छेद मर्जीची सत्ता देतो, दुसरा तिला वेसण घालतो.

ही वेसण का हवी, याचे एक उत्तर सरदार पटेलांनी १० ऑक्टोबर १९४९ रोजी घटना समितीत दिले होते. माझा सचिव माझ्या मताविरुद्ध टिपणी लिहू शकतो आणि तशी मोकळीक मी सर्व सचिवांना दिली आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हे उत्तर थोर आहे आणि परीक्षार्थी ते आवडीने लिहितात. पण त्यात एक उणीव राहते. त्यामुळे तीनशे अकरावा अनुच्छेद हा सचिवांचा आणि मोठ्या अधिकाऱ्यांचा आहे असा समज होतो. प्रत्यक्षात न्यायालयात जाऊन या अनुच्छेदाला अर्थ मिळवून देणाऱ्यांत शिपाई, कारकून आणि रेल्वेचे लहान नोकरच फार होते.

मोतीराम डेका हे ईशान्य सीमा रेल्वेतील शिपाई होते. कायम नोकराचीही सेवा केवळ मुदतीची नोटीस देऊन, कारण न सांगता संपविता येईल, असा रेल्वेचा एक नियम होता. त्या नियमाने त्यांची नोकरी गेली. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने ५ डिसेंबर १९६३ रोजी तो नियम घटनाबाह्य ठरविला. बहुमताचा मुख्य निर्णय लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. गजेंद्रगडकर हे मूळचे साताऱ्याचे. पुढे दोनच महिन्यांत ते सरन्यायाधीश झाले. त्यांची विचारसरणी सरळ होती. कायम नोकराला निवृत्तीच्या वयापर्यंत पदावर राहण्याचा हक्क असतो. मध्येच तो हक्क काढून घेणे म्हणजे नोकरीवरून काढणेच होय, मग त्याला तुम्ही कोणतेही नाव द्या. हा खटला वाचताना परीक्षार्थींनी निकालाचे वर्ष पाठ करण्यापेक्षा नावाकडे न पाहता परिणामाकडे पाहण्याची ही रीत लक्षात ठेवावी.

आता ‘वाजवी संधी’ म्हणजे काय? १९५७ च्या खेमचंद प्रकरणात सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी तिचे तीन भाग सांगितले. दोषारोप कोणते व त्यांना आधार काय हे कळून ते नाकारण्याची संधी. साक्षीदारांची उलटतपासणी घेऊन व स्वतःचा पुरावा देऊन बचाव करण्याची संधी. आणि दोष सिद्ध झालाच तर ही शिक्षा का नको, हे सांगण्याची संधी. १९६३ च्या पंधराव्या दुरुस्तीने या दुसऱ्या टप्प्यावरच्या संधीचा घटनेत स्पष्ट उल्लेख केला आणि १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने तीच काढून टाकली. एवढ्यावर पुष्कळांच्या टिपणवह्या थांबतात. पण न्यायालये तेथे थांबली नाहीत. चौकशी दुसऱ्या अधिकाऱ्याने केली असेल, तर शिक्षा ठरविण्यापूर्वी त्याच्या अहवालाची प्रत संबंधिताला देऊन त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे, असे १९९० मध्ये आणि पुन्हा १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. समोरच्या दाराने गेलेली संधी बाजूच्या दाराने आत आली, असे म्हणावयास हरकत नाही.

हे सारे मला नोकरीत येण्यापूर्वीच ठाऊक होते. माझ्या मुलाखतीत नेमका हाच प्रश्न आला होता आणि डेका, खेमचंद ही नावे मी न अडखळता सांगितली होती. मंडळातील एका सदस्यांनी मान डोलावल्याचे मला आजही आठवते. नंतर तीन वर्षांनी, २००८ साली, माझ्याकडे पहिली विभागीय चौकशी आली.

एका कार्यालयातील भांडारपालांविरुद्धची ती चौकशी होती. पन्नाशीचे गृहस्थ. साठ्याच्या तपासणीत ताडपत्र्या व सतरंज्या कमी भरल्या होत्या आणि साठा नोंदवहीवर सही त्यांची होती. पहिल्याच सुनावणीत त्यांनी अर्ज दिला की, पूर्वीच्या भांडारपालांकडून पदभार घेतेवेळची यादी आणि त्या आधीच्या तीन वर्षांची पुरवठादारांची चलने मला पाहावयास मिळावीत. ही कागदपत्रे अभिलेख कक्षात, कोणत्या गठ्ठ्यात होती हे कोणालाच सांगता येईना. चौकशी सहा महिन्यांत पुरी करण्याचे मला बंधन होते आणि ती मुदतीपूर्वी पुरी करण्याची हौसही होती. मी अर्जावर एक ओळ लिहिली: मागणी वेळकाढूपणाची दिसते, सबब नामंजूर. पाच महिन्यांत माझा अहवाल तयार झाला. दोषारोप सिद्ध. वरिष्ठांनी अहवालाच्या भाषेचे कौतुक केले. भांडारपालांना सेवेतून काढून टाकण्यात आले.

त्यांनी अपील केले. कागदपत्रे नाकारल्यामुळे बचावाची वाजवी संधी मिळाली नाही, या एकाच कारणावरून आदेश रद्द झाला आणि नव्याने चौकशी झाली. दुसऱ्या चौकशी अधिकाऱ्यांनी अभिलेख कक्षात दोन दिवस माणसे बसवून तो गठ्ठा शोधून काढला. पुरवठादाराकडून माल आला होता त्यापेक्षा अधिक नोंदविला गेला होता आणि पदभाराच्या यादीत तीच खोटी संख्या पुढे उतरली होती. भांडारपालांचा दोष असलाच तर न मोजता सही केल्याचा. ते पुन्हा कामावर आले. या सगळ्यात दोन वर्षे आणि सात महिने गेले. निलंबित माणसाला निर्वाह भत्ता तरी मिळतो, काढून टाकलेल्याला तोही नाही. त्या काळात ते एका किराणा दुकानात जमाखर्च लिहीत होते. अपिलाच्या आदेशात माझे नाव नव्हते. ‘चौकशी अधिकाऱ्याने’ एवढेच शब्द होते. मला त्याबद्दल कोणी काही विचारले नाही. ज्याने चुकीचा अहवाल लिहिला त्याची चौकशी होत नाही, ही आमच्या व्यवस्थेतील एक सोय आहे.

म्हणून त्या बेळगावच्या तरुणाला मी म्हणालो की, तीनशे अकरावा अनुच्छेद वाचताना आपले संरक्षण करणारे कलम म्हणून वाचू नकोस. आपल्यापासून दुसऱ्याचे संरक्षण करणारे कलम म्हणून वाच. उद्या शासन म्हणजे तूच असशील. ‘मर्जी’ या शब्दाखाली राष्ट्रपती किंवा राज्यपाल यांचे नाव असले, तरी ती ज्याच्या लेखणीतून उतरते तो बहुधा तिशीच्या आतबाहेरचा, कामाच्या ओझ्याखाली दबलेला एक अधिकारी असतो.

त्याने लगेच वर्तमानपत्राचे कात्रण पुढे केले. “मग चौकशीशिवायही काढतात, ते कसे?” प्रश्न रास्त होता. तीनशे अकराव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या परंतुकात तीन अपवाद आहेत. फौजदारी गुन्ह्यात दोषसिद्धी झालेली असणे. चौकशी करणे वाजवी रीत्या शक्य नसणे. आणि राज्याच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने चौकशी इष्ट नाही, अशी राष्ट्रपतींची किंवा राज्यपालांची खात्री होणे. यांतील तिसऱ्याचा आधार घेऊन जम्मू आणि काश्मीरमध्ये २०२१ पासून अनेक कर्मचाऱ्यांना सेवेतून काढण्यात आले, हे आपण वाचले असेल. अशा आदेशांबद्दल मते निरनिराळी असतात. परीक्षार्थीने मत बनविण्यापूर्वी तुलसीराम पटेल प्रकरणाचा ११ जुलै १९८५ चा निर्णय पाहावा. वरिष्ठाच्या डोक्यावर लोखंडी कांब मारल्याबद्दल न्यायालयात दोषी ठरलेल्या एका लेखापरीक्षकाच्या प्रकरणाबरोबर संप आणि बेशिस्तीची अनेक प्रकरणे तेथे एकत्र ऐकली गेली. चार विरुद्ध एक अशा बहुमताने अपवाद ग्राह्य ठरले. मर्जीचे तत्त्व राजाच्या लहरीवर नव्हे तर लोकहितावर उभे आहे, कारण कामचुकार नोकराचा पगारही लोकच देतात, अशी ती भूमिका होती. बहुमताचा निर्णय लिहिणारे न्यायमूर्ती मादन हे पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. त्यांनीच दुसऱ्या अपवादाला एक मर्यादाही घातली. खात्याची बाजू लंगडी आहे, चौकशीत ती टिकणार नाही, एवढ्यासाठी चौकशी टाळता येणार नाही. शिवाय टाळण्याची कारणे आदेशापूर्वी लेखी नोंदविली पाहिजेत. मला विचाराल तर सगळ्या निर्णयात हे वाक्य माझ्यासारख्यांच्या टेबलावर काचेखाली ठेवण्याजोगे आहे.

बातम्या वाचताना एक पथ्य मात्र पाळावे. ‘निलंबित’, ‘काढून टाकले’ आणि ‘बडतर्फ’ हे शब्द वार्ताहर एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात. निलंबन ही शिक्षाच नव्हे; चौकशीच्या काळात माणसाला कामापासून दूर ठेवणे एवढाच तिचा हेतू, म्हणून तीनशे अकरावा अनुच्छेद तेथे लागू होत नाही. काढून टाकलेल्याला सामान्यतः पुन्हा शासकीय नोकरी करता येते, बडतर्फ झालेल्याला सामान्यतः येत नाही. आणि हे संरक्षण नागरी सेवेतल्यांना आहे. सैन्यातील अधिकाऱ्याला मर्जीचा तीनशे दहावा अनुच्छेद लागू आहे, तीनशे अकरावा नाही.

तरुणाने हे सारे टिपून घेतले. उठताना तो म्हणाला, “सर, त्या भांडारपालांचे पुढे काय झाले?”

माझी त्यांची एकदा बसस्थानकावर गाठ पडली होती. “साहेब, बरे आहात ना?” एवढेच त्यांनी विचारले आणि मलाही त्याहून अधिक काही बोलता आले नाही. २०१६ साली ते नियत वयोमानानुसार निवृत्त झाले. पदभार सोपविताना त्यांनी एकेक ताडपत्री उलगडून मोजून दिली आणि यादीच्या प्रत्येक पानावर घेणाऱ्याची सही घेतली, असे त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी मला सांगितले. त्याला दोन दिवस लागले.