जुन्या वाहनाचें इंजिन : डागडुजी कीं बदल ?

जालन्याहून अंबड, मंठा, भोकरदन आणि देऊळगांव राजा या बाजूंस जे रस्ते जातात, त्यांवर बारा-पंधरा वर्षें धांवलेलें वाहन दुर्मिळ नाहीं. वडिलांनीं घेतलेली जीप मुलगा चालवितो. बागेंतली मोसंबी अडत बाजारांत पोंचविणारा छोटा टेंपो घरच्या कर्त्या माणसासारखा राबतो. शहरांतील कुटुंबाची मोटार लग्नकार्यास आणि आजारपणांत तितकीच उपयोगी पडते. अशा वाहनाच्या मागें एके दिवशीं निळसर धूर दिसूं लागतो, चढावर त्याला दम लागतो, आणि मिस्त्री बॉनेट उघडून शांतपणें सांगतो, "इंजिनाचें काम निघालें." या तीन शब्दांनीं घरांत मोठी चर्चा सुरू होते. आहे तें इंजिन उतरवून दुरुस्त करावें, दुसरें बसवावें, कीं गाडीच काढून टाकावी ? प्रत्येक नातेवाईकाचें मत निराळें असतें, आणि खर्च मात्र एकाच घराला करावा लागतो.

हा प्रश्न वाहनाच्या वयावरून सुटत नाहीं आणि त्याच्यावरील मायेवरूनही सुटत नाहीं. तो मोजमापावरून सुटतो. इंजिन ही एकसंध वस्तु नव्हे. त्यांत बिडाचा मोठा ठोकळा असतो; ठोकळ्यांत सिलिंडर असतात; सिलिंडरांत पिस्टन खालींवर होतात; त्यांची ही हालचाल क्रँक नांवाच्या दांड्यामुळें फिरत्या गतींत बदलते; आणि या सर्वांवर झडपा असलेलें हेड झांकणासारखें बसविलेलें असतें. या भागांचें आयुष्य सारखें नसतें. पिस्टनभोंवतींच्या रिंगा आणि क्रँकखालचीं बेअरिंगें हीं झिजतील तेव्हां बदलावयाचीं, अशाच हिशोबानें केलेलीं असतात. ठोकळा मात्र तडकला नाहीं, तर कित्येक वर्षें टिकतो. वासे कुजले म्हणून कोणी घराचें दगडी जोतें उकरून टाकीत नाहीं. इंजिनासही तोच न्याय लागू आहे.

मराठवाड्यांत या झिजेचें एक मोठें कारण धूळ हें होय. हवेची गाळणी वेळेवर साफ केली नाहीं किंवा तिची नळी फाटली, म्हणजे रस्त्यावरची बारीक कचकच हवेबरोबर सिलिंडरांत जाते आणि पॉलिश कागदासारखी त्याची भिंत घांसूं लागते. डिझेल इंजिनांत आंत घेतलेली हवा मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते बाविसाव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते. त्या दाबानें ती इतकी तापते कीं, इंधन तींत शिरतांच ठिणगीवांचून पेट घेतें. भिंत झिजली आणि रिंगा सैल झाल्या, कीं हा दाब निसटतो. मग थंडीच्या दिवसांत सकाळीं गाडी सुरू होण्यास वेळ लागतो आणि ओझें ओढण्याची शक्ति कमी होते.

परंतु प्रत्येक धूर म्हणजे झिजलेलें इंजिन नव्हे. निळसर धूर बहुधा ऑइल जळत असल्याचें दाखवितो. काळा धूर इंधन पुरतें जळत नसल्याचें चिन्ह आहे, आणि त्याचें मूळ पुष्कळदां तुंबलेल्या गाळणींत किंवा बिघडलेल्या इंजेक्टरांत असतें. पांढरा, रेंगाळणारा धूर न जळलेल्या डिझेलचा असतो, किंवा हेडखालचें गॅस्केट फुटून पाणी आंत जात असल्याचा असतो. ऑइल ताकासारखें पांढरट दिसलें, तर हा दुसरा संशय बळावतो. गाळणी बदलून जो रोग बरा होतो, त्यासाठीं इंजिन उतरविणें म्हणजे सर्दी झाली म्हणून पोट चिरण्यासारखें आहे.

म्हणून पहिली पायरी कंप्रेशन मोजण्याची. प्रत्येक सिलिंडरांतील दाब निरनिराळा घेऊन कागदावर लिहावा. चारांपैकीं एकाच सिलिंडराचा दाब कमी असेल, तर दोष तेवढ्यापुरता असण्याचा संभव असतो; चारही सारखेच उतरले असतील, तर झीज सार्वत्रिक आहे. पेट्रोल इंजिनांत आणखी एक सोपी परीक्षा आहे. दाब कमी भरलेल्या सिलिंडरांत चमचाभर ऑइल सोडून पुन्हां मोजावें. दाब वाढला, तर गळती रिंगांच्या बाजूनें आहे. वाढला नाहीं, तर झडपांकडे पाहावें. झडपांचें काम हेड उतरवून होतें. त्यासाठीं सबंध इंजिन खालीं घेण्याचें कारण नसतें.

इंजिन उघडावेंच लागलें, तर खरा निर्णय तेथें होतो. सिलिंडराच्या वरच्या टोंकाशीं, जेथें रिंगांची धांव संपते, तेथें नखाला लागणारी कड तयार झालेली असते. ती झिजेची साक्ष होय. पण नखावर विसंबूं नये. सिलिंडर वर, मध्यें आणि खालीं, तसेंच आडवा व उभा असा दोन्ही अंगांनीं मोजावा, म्हणजे तो किती मोठा आणि किती लंबगोल झाला हें कळतें. मग त्याला बोअर करून थोडा मोठा करतात आणि त्या मापाचा पिस्टन घालतात. असे पिस्टन सामान्यतः पाव, अर्धा, पाऊण आणि एक मिलिमीटर अशा वाढत्या मापांचे मिळतात. म्हणजे ही डागडुजी अनंत वेळां होत नाहीं. प्रत्येक वेळीं भिंतीचा एक थर खर्ची पडतो. कांहीं इंजिनांत सिलिंडराच्या जागीं वेगळी नळी, म्हणजे लायनर, असतो. तेथें नळीच बदलतां येते. क्रँकचेंही तसेंच आहे. त्याचे गोल भाग ग्राइंडिंग करून नीट करतात व त्यांवर अधिक जाड बेअरिंगें बसवितात. पण शेवटच्या मापापलीकडे तो गेला कीं टाकावाच लागतो.

यावरून डागडुजीची कसोटी सांगतां येते. ठोकळ्यास तडा नसावा, क्रँक मापांत बसत असावा, सुटे भाग खात्रीचे मिळत असावेत, आणि मोजून काम करणारी कार्यशाळा हाताशीं असावी. या चारही गोष्टी असतील, तर आहे तें इंजिन दुरुस्त करणें हेंच शहाणपणाचें. पाण्यावांचून गाडी चालवून ठोकळा तडकला असेल, किंवा तुटलेला भाग आंतून ठोकळ्यास भोंक पाडून गेला असेल, तर दुसऱ्या इंजिनाचा विचार करावा.

बस चालविणाऱ्या संस्थांनीं या प्रश्नाचें उत्तर फार पूर्वीं शोधलें. जालना निजामाच्या राज्यांत असतां, १९३२ च्या जूनमध्यें निजामाच्या रेल्वेनें २७ बसगाड्यांनिशीं रस्त्यावरील वाहतूक सुरू केली. मुंबई राज्यांत एस. टी. ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर या मार्गावर धांवली. शेंकडों गाड्या बाळगणाऱ्या संस्थेला एका इंजिनासाठीं बस आठवडाभर उभी ठेवणें परवडत नाहीं. म्हणून राखीव इंजिनें तयार ठेवण्याची रीत पडली. बिघडलेलें इंजिन उतरवावयाचें, राखीव बसवून बस मार्गावर सोडावयाची, आणि उतरविलेलें इंजिन सावकाश दुरुस्त करून राखीवांत ठेवावयाचें. येथें बदल आणि डागडुजी या दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात. कुटुंबापाशीं राखीव इंजिन नसतें. तरीपण वाहन किती दिवस उभें राहील आणि त्या दिवसांत मोसंबी बाजारांत कशी पोंचेल, हा हिशोब संस्थेप्रमाणें घरानेंही केला पाहिजे.

आतां दुसऱ्या इंजिनाविषयीं. तें तीन प्रकारचें असूं शकतें : कारखान्यांतून आलेलें नवें, जाणत्या कार्यशाळेनें दुरुस्त करून हमीसह दिलेलें, आणि मोडीच्या बाजारांतून आणलेलें. तिसरें सर्वांत स्वस्त असतें, पण त्याचा पूर्वेतिहास कोणास ठाऊक नसतो. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागलें, तेव्हां अनेकांनीं आपल्या पेट्रोल जीपांत डिझेल इंजिनें घालून घेतलीं. पुढें मॅटाडोर गाडीचें इंजिन ॲम्बॅसडर मोटारींतही जाऊन बसलें. इंधनाचा खर्च वांचला हें खरें. परंतु जड इंजिनाचा भार पुढच्या स्प्रिंगांवर आला, आणि त्याचे हादरे सबंध गाडीला सोसावे लागले. परक्या जातीचें इंजिन घातल्यानें गिअरबॉक्स, रेडिएटर आणि ब्रेक हे सगळेच नव्यानें जुळवावे लागतात.

येथें कायद्याचाही संबंध येतो. इंजिनाचा क्रमांक नोंदणीपत्रांत लिहिलेला असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ अन्वयें, नोंदणींतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानेंही याच अर्थाचा निर्णय दिला. म्हणून इंजिन बदलावयाचें तें त्याच बनावटीचें असावें, आधीं आर. टी. ओ. ची परवानगी घ्यावी, खरेदीची पावती जपावी आणि नवा क्रमांक नोंदवून घ्यावा. नोंदीवांचूनचें इंजिन अपघातानंतर विम्याच्या दाव्यांत घात करूं शकतें.

खर्चाचा विचार करतांना बहुतेक लोक फक्त मिस्त्रीच्या बिलाचा आंकडा पाहतात. त्यापेक्षां एका वर्षाच्या खात्रीच्या सेवेस किती पैसे पडले हें पाहावें. समजा, पूर्ण दुरुस्तीस ऐंशीं हजार रुपये लागतात आणि इंजिन पांच वर्षें चालेल. वर्षास सोळा हजार पडले. मोडींतील इंजिन पंचेचाळीस हजारांस बसतें, पण दीड वर्षांत पुन्हां काम काढतें. वर्षास तीस हजार पडले. येथें महाग दिसणारें काम स्वस्त ठरतें. परंतु त्याच गाडीची चासी गंजली असेल आणि ती दोनच वर्षें टिकणार असेल, तर दुरुस्तीचे ऐंशीं हजार दोनच वर्षांवर विभागले जाऊन वर्षास चाळीस हजार होतात, आणि उत्तर उलटें होतें. म्हणून इंजिनाआधीं गाडीखालीं वांकून चासी पाहावी. खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढें ती पांच-पांच वर्षांनीं वाढवावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या या फेरनोंदणीची फी ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली. हाही खर्च त्याच हिशोबांत धरावा.

दुरुस्त केलेलें इंजिन पहिल्या दिवशींच समृद्धि महामार्गावर ताशीं १२० किलोमीटरच्या मर्यादेपर्यंत पळवूं नये. नव्या रिंगा आणि नवी भिंत यांना एकमेकांशीं जुळण्यास कांहीं अवधि लागतो. त्या काळांत वेग बदलता ठेवावा, ओझें हलकें ठेवावें आणि पहिलें ऑइल लवकर बदलावें. चांगलें झालेलें काम या घाईनेंच फुकट जातें.

ज्या गाडीचा हिशोब कोणत्याही बाजूनें जुळत नाहीं, तिचा निरोप घेण्यांत कमीपणा नाहीं. जालन्याच्या पोलाद कारखान्यांच्या भट्ट्यांत मोडीचें लोखंड वितळतें आणि त्याच्या सळया होऊन घरांच्या छतांत जातात. लोखंड वायां जात नाहीं. पण भट्टींत वजनालाच किंमत असते. अचूक मापांत कातलेला क्रँक आणि मोडका पत्रा तेथें एकाच तराजूंत पडतात. त्या तराजूपर्यंत जाण्यापूर्वीं कोणत्या भागांत अजून किती आयुष्य उरलें आहे, हें एकदां मोजून घेणें मालकाच्या हातीं असतें. मिस्त्री "काम निघालें" म्हणाला, तर रागावूं नये आणि घाबरूंही नये. त्याच्याकडून दाबाचे आंकडे, सिलिंडराचीं मापें आणि क्रँकचीं मापें कागदावर लिहून घ्यावीं. तो कागद हातीं आल्यावर घरांतील चर्चा निम्म्यानें कमी होते, आणि उरलेल्या निम्म्या चर्चेंतून योग्य उत्तर निघतें.